आल्दीसच्या गाडीखालचा परका ॲक्सल

मित्रांनो, गाडी बघताना तुम्ही रंग बघता, दिवे बघता. खाली वाकून माझ्याकडे कुणी बघत नाही. मी मागचा ॲक्सल. मागच्या दोन चाकांना जोडणारा, मधोमध भोपळ्यासारखा फुगलेला जाड लोखंडी दांडा असतो ना, तोच मी. इंजिनाचा जोर माझ्या पोटातल्या दातेरी चक्रांतून चाकांपर्यंत पोचतो. मी जुना आहे, आणि आज ज्या गाडीखाली आहे तिच्यासाठी मी बनलोच नव्हतो.

मी बनलो मासळीच्या टेम्पोसाठी. उत्तर आइसलँडच्या एका बंदरातून कॉड माशांचे खोके वाहायचो, बर्फातून आणि खाऱ्या चिखलातून. चालक म्हणायचा, "बाकी सगळं कुरकुरतं, मागचं मात्र कधी बोलत नाही." माझं कौतुक झालं ते एवढंच. पुढे टेम्पो गंजून मोडला. मला काढून एका गोठ्यामागे टाकलं. गवत वाढलं. वारा सुटला की मेंढ्या माझ्या आडोशाला बसायच्या. असा बरेच दिवस पडून राहिलो.

एका उन्हाळ्यात हाल्बेरा आली. बंदरावर बोटींचं वेल्डिंग करणारी बाई. तिनं बुटानं माझ्यावरची माती पाडली, माझं तोंड, म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा जिथे जोडतात ती जागा, हातानं फिरवून पाहिलं आणि सोबतच्या माणसाला म्हणाली, "हा चालेल. थोडा रुंद आहे, पण दणकट आहे."

तो माणूस म्हणजे ब्रांदुर, तिच्या बहिणीचा नवरा. बहीण आल्दीस वसंतातच वारली होती. तिची जुनी जीप अंगणात ठोकळ्यांवर उभी होती. जीपचा स्वतःचा ॲक्सल आदल्या हिवाळ्यात तुटला, आणि आजारपणात तिकडे बघायला कुणाला सवड झाली नाही. त्या जातीचा ॲक्सल आता कुठेच मिळत नव्हता.

सप्टेंबरात गावातले सगळे घोड्यांवरून डोंगरात जातात आणि उन्हाळाभर चरलेल्या मेंढ्या खाली आणतात. वरच्या झोपडीत मुक्काम असतो. तिथे जेवण घेऊन जायची आल्दीसची जीप. ब्रांदुर नेहमी घोड्यावर असायचा.

या मोहिमेचा जो पुढारी असतो त्याला इथे डोंगरराजा म्हणतात. त्या वर्षीचा डोंगरराजा ओद्दुर अंगणात आला.

"जेवण माझा भाचा नेईल, नव्या पिकअपमधून," तो म्हणाला. "तू नेहमीसारखा घोड्यावर ये."

"जेवणाची गाडी आमच्या घरची आहे. मी नेणार."

"अरे, तुला अंडं उकडता येत नाही! आणि गाडीला मागची चाकंसुद्धा नाहीत."

"बसवतो."

ओद्दुरनं टोपी काढून डोकं खाजवलं. "मग रविवारी भरलेली गाडी माझ्या फाटकापर्यंत चढवून दाखव. नीट आली तर ने. वर माणसं भिजून येतात, ब्रांदुर. त्यांना उपाशी ठेवणं मला जमायचं नाही."

ब्रांदुरनं माझ्या अंगावरच्या जुन्या बैठका कापल्या. बैठक म्हणजे ज्यावर गाडीचे स्प्रिंगचे पाटे टेकतात ती जागा. नव्या बैठका जीपच्या मापानं जोडायच्या होत्या. हाल्बेरानं बजावलं होतं, "आधी वेल्डिंगचे नुसते टाके मार, तात्पुरते. गाडी जमिनीवर उतरवू, ओझं घालू, तुझ्या ॲक्सलचं तोंड कुठं बघतंय ते पाहू, आणि मगच पक्कं वेल्डिंग करू."

ती कामावर गेली आणि ब्रांदुर थांबला नाही. गाडी हवेत असतानाच त्यानं सगळं पक्कं करून टाकलं. मला चटके बसत होते, पण बोलणार कसा?

रविवारी गाडीत पाण्याची पिंपं आणि बटाट्यांची पोती घालून तो चढाला लागला. ओझ्यानं पाटे दबले, माझं तोंड वर वळलं, आणि इंजिनाकडून येणारा लांब दांडा माझ्याशी वाकडा झाला. सगळी गाडी थरथरायला लागली. काचा खडखडल्या. फाटकाशी उभा ओद्दुर हसला नाही. "आम्ही गुरुवारी निघतोय," एवढंच म्हणाला.

हाल्बेरा मात्र गप्प बसणारी नव्हती. "हवेत लटकलेल्या गाडीचं माप घेतलंस, शहाण्या! काय घाई होती?"

"घरात बसवत नव्हतं."

"मग माझ्याकडे यायचं. मला तरी कुठं बसवतंय?"

मग तिनं कटर उचललं.

बैठका पुन्हा सुटल्या. या वेळी फक्त टाके मारले, गाडी चाकांवर उतरवली आणि हाल्बेरानं विचारलं, "आल्दीस वर काय काय न्यायची?"

"सूप. कॉफी."

"आणि तुझे कोरडे मोजे काय उडत यायचे?"

मग एकेक वस्तू आली. सूपची दोन मोठी पातेली. ती काठोकाठ पाण्यानं भरली. गॅसची टाकी. गाद्या. सगळ्यांच्या कोरड्या कपड्यांच्या पिशव्या. धुरावलेलं मांस, पीठ, घोड्यांसाठी गवताचे भारे. एक पातेलं उचलताना ब्रांदुरला मधेच थांबावं लागलं.

"एवढं जड?"

"तुला माहीत नव्हतं?"

"आम्ही पोचायचो तेव्हा ते चुलीवर असायचं."

मित्रांनो, ते ओझं माझ्यावर चढत होतं, म्हणून सांगतो, ते थोडं नव्हतं. शेवटी हाल्बेरा म्हणाली, "आता तू बस. गाडी काय आपोआप जायची?" तो बसला. सीट आल्दीसच्या मापानं पुढे ओढलेली होती. "गुडघे कानाला लागलेत. सीट मागे घे," ती म्हणाली. तो काही वेळ तसाच बसून राहिला. मग त्यानं खटका ओढला आणि सीट मागे सरकवली.

तेवढ्या ओझ्याखाली तिनं माझं तोंड मोजलं, पाचर घालून सरळ केलं आणि थोडं इथे, थोडं तिथे, थांबत थांबत वेल्ड केलं, म्हणजे मी तापून वाकणार नाही.

बुधवारी आम्ही ओद्दुरच्या फाटकापर्यंत चढलो. काच हलली नाही. ओद्दुरनं फाटक उघडलं आणि भाच्याला फोन केला, "तुझी पिकअप राहू दे."

गुरुवारी डोंगरात पाऊस होता. दोन नद्या आडव्या आल्या. दुसरीत पाणी माझ्या डोक्यावरून गेलं आणि डावं चाक दगडांत घसरलं. ब्रांदुर दात खाऊन म्हणाला, "चल." मी सगळा जोर लावला. मासळीच्या टेम्पोखाली जसा लावायचो तसाच. आम्ही काठावर आलो.

घोडेस्वार झोपडीशी पोचले तेव्हा पातेलं चुलीवर उकळत होतं. माणसं ओली, दमलेली, न बोलता जेवायला बसली. ओद्दुरनं पहिला घोट घेतला.

"मीठ कमी आहे."

"मीठ तिथं आहे. घे," ब्रांदुर म्हणाला.

ओद्दुरनं घेतलं, वाडगं रिकामं केलं आणि पुन्हा पुढे केलं. "पुढच्या वर्षी आधीच घाल," तो म्हणाला. ब्रांदुरनं वाडगं भरून दिलं.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. गाडी नदीतून आणलीत तर माझं तेल बघा. पांढुरकं झालं असेल तर पाणी शिरलंय, ते लगेच बदला. जुन्या गाडीत परका भाग बसवताना घाई करू नका, आधी टाके मारा. आणि माप घ्यायचं असेल तर त्या गाडीवर रोज जेवढं ओझं असतं तेवढं आधी चढवा. ते तुमच्या हातानं उचलून चढवा.