एरुएराच्या नावाची हाक

नव्या वर्षाच्या पहाटे राविरीने टोपी काढली, मातारिकीच्या, म्हणजे कृत्तिकांच्या ताऱ्यांकडे तोंड केलं आणि वर्षभरात गेलेल्यांची नावं एकेक करून त्यांच्या हवाली केली. शेवटी खणखणीत आवाजात म्हणाला, "जा रे एरुएरा, सुखाने जा!"

टेकडीवर जमलेली घरची बारा माणसं एकमेकांकडे बघू लागली. राविरीचा धाकटा भाऊ गेला? कधी?

उजाडताना सगळे उतरू लागले. थंडी अशी, की मेंढ्यांचं ओरडणंसुद्धा गोठून कुंपणाच्या तारेवर लटकलं होतं. ऊन आल्यावर ते टपटप ऐकू येणार होतं. पांढरं गवत बुटांखाली करकरत मोडत होतं.

"बाबा, काका गेले हे कुणी सांगितलं तुम्हाला?" हुरियाने विचारलं.

"सगळ्यांना ठाऊक आहे."

"मला नाही."

"तू लहान होतीस तेव्हा."

हुरियाचा पाय घसरला. मागून तिचा भाऊ रेवी हसला. "थाप गं! गेल्या वर्षी देवमाशाची दाढी केल्याचं शपथेवर सांगत होते, विसरलीस?"

"गेलेल्यांच्या नावाने थापा मारत नाहीत ते."

तीतीपक्षी पकडायच्या बेटावरच्या झोपडीच्या वाटणीपायी या दोघा भावांचं बोलणं नऊ वर्षं बंद होतं. कुणाला विचारणार? हुरिया काकांनाच फोन लावत राहिली. कुणी उचलेना. काका खरंच गेले असतील तर वाईट. नसतील तर त्याहून वाईट.

दुपारी जेवण पुरून शिजवायच्या हांगीच्या खड्ड्यावरची माती बाजूला ओढली. वाफाळलेलं मटण, रताळी, तीती पानात पडली. पण रडावं की आणखी वाढून घ्यावं, कुणालाच कळेना.

तेवढ्यात दार ढकलून एरुएरा आत आला.

"बारा वेळा फोन! म्हटलं, म्हातारा खपला. ब्लफ बंदराहून गाडी हाणत आलो, तर हा हाडं चोखतोय!"

रेवीने टेबलावर थाप मारली. "वा बाबा! नऊ वर्षांत कुणाला जमलं नाही, ते एका हाकेत!"

घर हसण्याने हादरलं. राविरी उठला. त्याने भावाच्या गालावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग हसणारा एकेक चेहरा निरखला आणि स्वतःही हसला.

"मग? नुसतं बोलावलं असतं तर आला असता का हा?"

हुरियाच्या जिवात जीव आला. रिकामं ताट घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. एरुएरा मागोमाग आला.

"कधीपासून चाललंय हे?"

"काय, काका?"

"थाप मारताना हा माझ्याकडे कधी बघत नाही. जन्मात बघितलं नाही. आज गालावर हात ठेवून डोळे हलवत नव्हता. मी गेलो, हे त्याला खरंच वाटलं होतं."

बाहेर राविरी रंगात आला होता. सहा महिने आधी हा बेत कसा शिजवला, ते सांगत होता. हुरियाच्या हातातलं ताट हातातच राहिलं.

एरुएराने कोट काढून दारामागच्या खुंटीला अडकवला.

"माझं अंथरूण त्याच्या खोलीत घाल."