सात नंबर पाण्यात उभा

कार्तिकात पहाटे तळ्यावर स्नानाला जायचा माझा एकोणीस वर्षांचा नेम. दोन वर्षांपूर्वी गुडघे पायऱ्यांना नको म्हणू लागले. तेव्हापासून घरीच बादलीत गंगेचं नाव घेते आणि अकरा माळा होईपर्यंत बोलत नाही.

यंदा मात्र मी पुन्हा तळ्यात उतरले.

रायपूरला गुढियारीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत माझा मुलगा निरंजन व्हिडिओ गेम बनवतो. तिघंच जण आहेत: तो, चित्रं काढणारी रूपाली आणि कोडिंग करणारा अभिनव. त्यांच्या खेळात एक मुलगी हरवलेली म्हैस शोधत गावोगाव फिरते. मारामारी नाही की शर्यत नाही. वाटेत एक तळं लागतं. दसऱ्याला निरंजनने मला दाखवायला म्हणून जुन्या लॅपटॉपवर तो खेळ टाकला आणि विसरला. मी विसरले नाही. आंघोळ, पूजा झाली की खेळातल्या मुलीला पायरीपायरीनं खाली नेते, गुडघाभर पाण्यात उभी करते आणि माळ ओढते. पाणी हलतं. कमळाची पानं जवळ येतात, जरा थांबतात, लांब जातात. सातव्या माळेपर्यंत माझेही पाय गार पडतात. घरामागे मालधक्क्यावर वॅगनला वॅगन लागते, तो आवाजही पाण्याखालून आल्यासारखा येतो. हे स्नान देव धरतो का, ते मी त्यालाच विचारून ठेवलं आहे.

सोमवारी बंगळूरच्या एका कंपनीला खेळ दाखवायचा होता. त्यांनी हात दिला तर काम पुढे, नाही तर वरच्या खोलीला कुलूप. रूपालीनं तर नवा रायपुरात नोकरीही पाहून ठेवली होती.

शनिवारी तिघं उजाडायच्या आत कामाला बसले. माझ्या दोन माळा राहिल्या होत्या. आवाज जिन्यातून खाली येत होते.

"सात नंबर फिर अटक गया," अभिनव म्हणाला. खेळ दोनशे जणांना नंबर देऊन खेळून पाहायला दिला होता. कोण कुठे किती वेळ थांबतं ते वर दिसतं, हे मला तेव्हा कळलं. "रोज वही तालाब, चालीस मिनट. तीन दिन से बग ढूँढ रहा हूँ, मिलता ही नहीं."

"सोमवारी त्यांच्यासमोर मुलगी अशी अटकली तं?" निरंजन म्हणाला. "तळंच काढून टाकतो. सरळ रस्त्यानं जाईल."

"काढ नं," रूपाली म्हणाली. "चार महिने पाणीच तं रंगवून राहिली मी. म्हशीले नळावर पाज."



माळ अर्ध्यावर असताना मी कधी बोलले नव्हते. निरंजनच्या बाबांचा ताप डोक्यात गेला त्या पहाटेही शेजाऱ्यांना खुणेनंच बोलावलं होतं. मी जिना चढले. दारात पोचले तेव्हा निरंजनचं बोट कीबोर्डवर होतं. पडद्यावर तळ्याच्या नकाशात एक ठिपका होता, त्यावर सात लिहिलेलं.

"तो अटकला नाही रे," मी म्हणाले. "मीच आहो ते. जप करून राहिली."

तिघं माझ्या हातातल्या माळेकडे पाहत राहिले.

"काकू, तीन दिन से मैं आपको रिपेअर कर रहा हूँ," अभिनव म्हणाला.

"मंग गुडघेही पाहून घे. तेच दुरुस्तीचे राहिले आहेत."

निरंजन हसला नाही. "आई, तू बोललीस. आणि नेम?"

"उद्या पहिल्यापासून."

रूपाली पडद्याजवळ सरकली होती. "काकूच नाही रे. हा पाह्य, एकोणतीस नंबर, बारा मिनिटं. हा दुसरा, नऊ मिनिटं. ह्या लोकांलेही आपण अटकलेलेच समजून राहिलो होतो."

ते लोक तिथं उभं राहून काय करत असतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं. निरंजनने बोट मागे घेतलं. तळं राहिलं.

सोमवारी कंपनीच्या मीनाक्षी मॅडम तिकडे बसून खेळत होत्या आणि इकडे पडद्यावर दिसत होतं. मी दाराशी बसले होते. मुलगी पायऱ्या उतरून पाण्यात आली.

"यहाँ क्या करना होता है?" मॅडमनी विचारलं.

"कुछ नहीं," निरंजन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मग नुसता पाण्याचा आवाज. चहावर साय धरली. अभिनव काहीतरी समजावून सांगायला निघाला, रूपालीनं त्याच्या पायावर पाय दिला.

"मैं ज़रा यहीं हूँ," बऱ्याच वेळानं मॅडम हळूच म्हणाल्या.

आठ दिवसांनी पत्र आलं. मागितले होते वर्षाचे पैसे, मिळाले सहा महिन्यांचे. अट एकच, तळं मोठं करा. रूपालीनं नोकरीवाल्यांना वैशाखानंतर पाहू म्हणून कळवलं आणि खाली येऊन माझ्याजवळ बसली.

"काकू, पलीकडचा काठ मी काढलाच नाही. तिकडं काय असते?"

मी डोळे मिटले.

"दोन बाया कपडे धुऊन राहिल्या," मी म्हणाले. "एकीचं हसू इकडं येते. बोलणं येत नाही."

"लुगडी कोणत्या रंगाची?"

"धुकं आहे. थांब जरा, दिसू दे."