झाकण वाजलं की गप्प!

मी खाणीवरची किटली बोलतेय. ओतीव लोखंडाची, एका दमात तीस कप चहा देणारी. वय झालंय, पण गळत नाही. आधीच सांगून ठेवते.

वेल्समधलं आमचं डोंगरगाव स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या खाणीवर जगायचं. जेवणाच्या सुट्टीत कामगार दगडी खोलीत जमायचे, मला चुलीवर चढवायचे आणि वाद घालायचे. नवा पाद्री बरा की जुना, कुणाचा मेंढा तगडा, कशावरही! नियम एकच: माझं झाकण वाजलं की बोलणाऱ्यानं गप्प बसायचं. मुकादम असो की पाद्री, मी कधी कुणाची भीड ठेवली नाही.

पुढे खाण बंद पडली. शाळेतून निवृत्त झालेल्या टेगवेनबाईंनी चॅपलमागच्या खोलीत गावाच्या जुन्या वस्तू मांडल्या आणि मला काचेच्या कपाटात बसवलं. वर चिठ्ठी, 'हात लावू नये'. मला! इतक्या हातांत वावरलेल्या मला!

गेल्या मार्चमध्ये शहरातल्या संग्रहालयाचे साहेब आले. वस्तू आमच्याकडे द्या, म्हणाले. "इथं बघायला येतं कोण?" जमलेलं गाव खाली मान घालून बसलं.

तेवढ्यात इदवल उठला. नव्वदीचा, खाणीतला शेवटचा उरलेला माणूस. त्यानं कपाट उघडून मला उचललं.

"अहो इदवलकाका, जुनी वस्तू आहे ती!" टेगवेनबाई ओरडल्या.

"वस्तू तू असशील! ही किटली आहे. पाणी आण."

मी शेगडीवर चढले. साहेब बोलतच होते. माझं झाकण खडखडलं.

"बसा साहेब, झाकण वाजलं!" इदवल म्हणाला. सगळे खो खो हसले. साहेब बसले.

मग माझ्यात पुन्हा गार पाणी भरलं आणि इदवलची पाळी आली. तो मेलेल्या सोबत्यांची नावं सांगू लागला. "दाराशी ग्विलिम, सारखा खोकायचा. त्याच्या शेजारी एमलिन, साखर चोरायचा..." हीच खाणीवरची खोली असल्यासारखी एकेकाची जागा तो बोटानं दाखवत होता. लोक त्या रिकाम्या जागांकडे बघत होते. ग्विलिमची नात रडत होती.

माझ्यात पाणी उकळलं. वाफ मावेना. मी झाकण घट्ट धरून ठेवलं. सव्विसावं, शेवटचं नाव झालं, तेव्हा सोडलं.

"कुणाकुणाला वाटतं, किटली इथंच राहावी?" टेगवेनबाईंनी विचारलं. एकही हात खाली नव्हता. साहेबांनी कागद मिटले आणि कप पुढे केला. टेगवेनबाईंनी चिठ्ठी फाडली. आता दर शनिवारी मी शेगडीवर असते.

"म्हातारी झाली बिचारी," इदवल त्या दिवशी मला थोपटत म्हणाला, "झाकण वेळेवर वाजत नाही."

म्हणू दे. तुम्ही या, चहा घ्या, हवं तेवढं बोला. फक्त झाकण वाजलं की गप्प. उशिरा वाजायची सवलत एकट्या इदवलची होती.