तळ्यातले मासे तोंड का उघडत होते

पहाटे तळ्याच्या कठड्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्यांच्या हातात पावाच्या पिशव्या, मागच्यांच्या हातात रिकाम्या बाटल्या, आणि खालच्या पायरीवर पांढऱ्या झग्यातला जलगुरू. त्याने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, पाण्यावरून हात फिरवला. काठाशी शेकडो मासे तोंडं वर काढून उघडझाप करत होते.

"बघा, माझी लेकरं माझ्यासोबत मंत्र म्हणतायत," तो म्हणाला. "मुकी जनावरं ज्या पाण्यात बोलू लागली, ते पाणी तुमची पीडा ठेवेल का? पाव घाला त्यांना, बाटल्या भरून न्या."

ऊन चढलं की तो हात उंचावायचा. "जा बाळांनो, आता सुट्टी." आणि मासे खरंच खाली जायचे. ढगाळ दिवशी ते हटायचे नाहीत, तेव्हा म्हणायचा, "आज त्यांना माझा सहवास सोडवत नाही." या माणसाची जीभ कशालाच अडत नव्हती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पूर्वी याच काठावर वर्ग आणायचे, तेव्हा जाळीत वाम यायची, मिशाळ मासे यायचे, बोटाएवढे चंदेरी मासे तर ढिगाने. मग पलीकडच्या वस्तीचं सांडपाणी तळ्यात सोडलं आणि एकेक जात संपली. आता उरली ती एकटी चिलापी, कसल्याही घाणीत तग धरणारी. तिचीही ही गत झाली होती आणि लोक हात जोडत होते. माझं डोकं फिरायचं ते इथे.

त्या गर्दीत माझी थोरली बहीण होती. तिच्या मुलीच्या अंगावर सारखं पुरळ उठायचं, म्हणून आधी या पाण्याने अंघोळ आणि मग रोज पेलाभर पोटात. आता पोरीला जुलाब लागले होते, डोळे खोल गेले होते, उठून बसवत नव्हतं.

"आतली घाण बाहेर पडतेय, असं गुरू म्हणाले," ताई म्हणाली.

"बाहेर पडत नाहीये, तूच आत घालतेयस. तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने."

"तुझं विज्ञान घाल चुलीत. माणसं खोटं बोलतील, मासे बोलतात का?"

"नाही बोलत. म्हणून त्यांनाच विचारू. चल."

शाळेतली काचेची पेटी आणि हवा सोडणारा बॅटरीवरचा छोटा पंप मी सोबतच आणला होता. सगळ्यांदेखत पेटीत तळ्याचंच पाणी भरलं, जाळीने मासे काढून त्यात सोडले. मासे लगेच वर आले, तोंडं उघडू लागले.

"बघा, पेटीतही मंत्र," जलगुरू खूश झाला.

मी पंप सुरू केला. बुडबुडे उठले. जरा वेळ गेला, आणि एकेक मासा खाली उतरून निवांत पोहू लागला. जलगुरू पुटपुटला, मग मोठ्याने पुटपुटला, शेवटी ओरडला. एकही मासा वर आला नाही.

"यंत्राने माझ्या लेकरांची वाचा बांधली," तो म्हणाला.

मग मी वर्गात सांगते तसंच सांगितलं. सांडपाण्यावर शेवाळ पोसतं. ऊन असेपर्यंत ते पाण्यात प्राणवायू सोडतं, अंधारात उलट तोच ओढून घेतं. त्यात तुमचे पाव तळाशी कुजतात आणि उरलेलाही संपवतात. पहाटेपर्यंत हवा मिळते ती फक्त वरच्या थरात, म्हणून मासे वर. ऊन आलं की खाली, ढग असले की वरच. जितके पाव घालाल, तितके मासे गुदमरतील, आणि तितका याचा चमत्कार मोठा.

ताई पुढे आली. तिने पंप बंद केला आणि पेटीसमोर उभी राहिली. बराच वेळ गेला. मासे हळूहळू वर आले. तिने पंप परत लावला, ते खाली गेले.

"ते गुदमरत होते," ती म्हणाली, "आणि मी तेच पाणी पोरीला पाजत होते."

तिने बाटली तिथेच ओतली आणि घराकडे धावली.

दवाखान्यात सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी पोरीने डोळे उघडून पाणी मागितलं. नर्सने पेला पुढे केला, तर ताईने तो आधी आपल्या हातात घेतला.

"हे पाणी कुठलं?" तिने विचारलं. "उकळलंय का?"

एवढंच विचारायचं असतं हो. कुठलं, कशामुळे, कशावरून. त्याला ना पदवी लागते ना धैर्य. जलगुरू गाशा गुंडाळून दुसऱ्या गावी गेला. तिथेही तळं असेल, पाव असतील. सांडपाण्याचा नळ मात्र अजून आमच्याच तळ्यात पडतोय. मासे आजही पहाटे वर येतात, आणि तेव्हा बाटल्या घेऊन जमलेल्यांपैकी एकानेही अजून नगरपालिकेचं दार वाजवलेलं नाही.