कावळ्याला दिलेला शब्द

"सर, कावळ्याला खोटं बोललं, तर ते खोटं धरतात का?"

वर्गात हशा पिकला. पैज निकिताने लावली होती, पाणीपुरीची. कॉलेजातले तत्त्वज्ञानाचे आहेर सर शाळेत व्याख्यानाला येणार होते आणि त्यांची बोलती बंद होईल असा प्रश्न विचारायचा होता. गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी दिशा, वक्तृत्व स्पर्धेची ढाल मिळाल्यापासून कुणाला आवरत नव्हती. ती उभी राहिली आणि ठणकावून विचारून मोकळी झाली.

पण प्रश्न तिने हवेतून काढला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी गोदाकाठी तिच्या आजीचा दहावा झाला, तेव्हा कावळा पिंडाला काही शिवेना. जमलेल्यांनी आजीच्या राहिलेल्या इच्छा आठवून आठवून बोलून पाहिल्या. बुंदी आणली, कपभर चहा ठेवला, नातीला डॉक्टर करू असंही कुणी म्हणालं. कावळे समोरच्या भिंतीवर ढिम्म. शेवटी पप्पा पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "आई, सुमनला घरी आणतो." लगेच कावळा शिवला. सगळे सुटल्यासारखे जेवायला निघाले.

सुमन म्हणजे दिशाची आत्या. मनाने लग्न करून मालेगावला गेली, तेव्हापासून अठरा वर्षं घरात तिचं नाव काढायचं नाही असा दंडक. शेवटच्या आठवड्यात मात्र आजी रोज विचारायची, सुमन आली का गं? आजी गेली, हेही आत्याला कुणी कळवलं नव्हतं. दहाव्यानंतर पप्पा ओझरच्या कारखान्यात पुन्हा रुजू झाले आणि तो विषयच मिटला.

आहेर सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले होते, 'कळणं' आणि 'उमजणं'. माणसाला बरं-वाईट कळतं तरी उमजत का नाही, हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. आपल्या विद्यार्थ्यांना ते उत्तरं देत नाहीत, उलट प्रश्न विचारून भंडावून सोडतात, असं त्यांनीच मघाशी सांगितलं होतं. आता मात्र त्यांनी खडू खाली ठेवला.

"माझ्या आईच्या दहाव्याला मीही असाच बोललो होतो," ते म्हणाले. "धाकट्या भावाशी अबोला सोडतो म्हणून. मग दिलेल्या शब्दावर तीन निबंध लिहिले. परदेशातही वाचले गेले. भावाच्या घरी काही गेलो नाही. तो गेल्या साली वारला."

त्यांनी चष्मा काढून पुसला, तो बराच वेळ पुसतच राहिले.

"कावळ्याचं मला माहीत नाही, बाळ. पण ऐकणारं कुणी तरी तिथं उभं असतंच."

निकिताने शाळा सुटल्यावर पाणीपुरीचं विचारलं. दिशा नको म्हणाली. घरी येऊन तिने आजीचा औषधांचा डबा उघडला. तळाशी चार घड्या घातलेली चिठ्ठी होती, आत्याच्या पत्त्याची. घड्यांवरची अक्षरं पुसट झाली होती, इतक्यांदा ती उघडली गेली असावी. दिशा तिथंच फरशीवर बसून रडली.

रात्री पानं वाढली. आईने पप्पांना भाकरी वाढली, तेव्हा दिशाने चिठ्ठी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. पप्पांनी ती ओळखली. घास हातातच राहिला.

"दहाव्याला मी तुमच्या मागेच उभी होते, पप्पा," ती म्हणाली. "रविवारच्या एसटीने मी मालेगावला चाललेय, आत्याला आजी गेल्याचं सांगायला. तुम्ही आलात तर बरं. नाही तर आई येईल. नाही तर मी एकटी."