पितळ रस्त्यावर

"तार ओट्यावर, पितळ रस्त्यावर."

न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे वस्तीत हा नियम मी इतक्यांदा ऐकलाय, की कुणी माझ्या पाठीवर कोरला असता तरी चाललं असतं. गिटारीनं ओट्यावर बसून कण्हायचं; मिरवणुकीत मिरवायचं ते ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोननं. का, ते विचारायचं नाही.

मी ती ओट्यावरची, धातूच्या अंगाची गिटार बोलतेय.

मी लाकडाची नाही, याचा मला पहिल्यापासून तोरा आहे. माझ्या जन्माच्या वेळी विजेवरच्या गिटारी नव्हत्या. भरल्या हॉलमध्ये शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज जावा म्हणून कारागिरांनी माझं अंग धातूचं केलं, पोटात वाटीसारखा पातळ पडदा बसवला आणि वरून निकेलचा चकचकीत मुलामा चढवला. हळू बोलायला मला घडवलेलंच नाही.

मिसिसिपीतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून ओझेल पिकेटनं मला उचललं. तेव्हा तो विशीतला, कापूस वेचून बोटं सोललेली. बाटलीची मान कापून, कडा घासून त्यानं ती करंगळीत घातली आणि माझ्या तारांवरून सरकवली. सुरावरून सुरावर उडी नाही. घसरत, रेंगाळत, वाटेतलं सगळं दुःख गोळा करत जायचं. अशी मींड मी त्याआधी कुणाच्या हातून अनुभवली नव्हती.

पुढे तो न्यू ऑर्लिन्सला येऊन बंदरावर ओझी उचलू लागला. दर सोमवारी चुलीवर राजमा शिजत असताना ओट्यावर बसून मला मांडीवर घ्यायचा. राजमा करपला तरी गाणं अर्ध्यावर सोडायचा नाही.

एका रविवारी मात्र तो मला गळ्यात अडकवून वस्तीतल्या क्लबच्या मिरवणुकीत उतरला. पुढे छातीवर तिरके पट्टे घातलेले, पिसांचे पंखे हलवणारे क्लबवाले, त्यांच्यामागे बँड आणि बँडमागे नाचणारी अख्खी वस्ती. ओझेलनं जेमतेम एक मींड घेतली असेल, तेवढ्यात क्लबच्या म्हाताऱ्या अध्यक्षानं माझ्या तारांवर पंजा ठेवला. "पोरा, तार ओट्यावर, पितळ रस्त्यावर." लोक हसले. ओझेल मान खाली घालून घरी आला, आणि पुढे तोच नियम स्वतःचा असल्यासारखा इतरांना ऐकवू लागला. माणसांची ही खोड मला कधी कळली नाही. ज्या दारावर कपाळ फुटलं, त्याच दाराची राखण करत बसतात!

वर्षं गेली. त्याच्या मनगटाखाली माझा मुलामा झिजला आणि एक पिवळा डाग उमटला. तो त्याला गंज वाटला. दर वर्षी त्यावर तो चंदेरी रंग फासायचा. मला बोलता आलं असतं, तर तेव्हाच ओरडले असते.

मग मला कियोना भेटली. ओझेलची नात, कॉलेजात शिकणारी, तोंडाला लगाम नसलेली. मींड ती आजोबांकडून शिकली, पण तिचा पाय ठेका धरायचा तो मिरवणुकीच्या मोठ्या ढोलाचा, चौथ्या ठोक्यावर दणका देणारा. तिची काच तारेवरून सरकत जायची आणि नेमकी त्या चौथ्या ठोक्यावर सुराला भिडायची. माझं सगळं अंग झणझणायचं.

"अगं, हे दुःखाचं गाणं आहे, नाचतेस काय!" ओझेल वैतागायचा.

"मयताच्या मिरवणुकीत जाताना आपण रडतो आणि परतताना त्याच बँडवर नाचतो ना, आजोबा? मी दोन्ही एकाच गाण्यात करते."

आज रविवार. क्लबची मिरवणूक निघायच्या बेतात आहे. बँडच्या रांगेत ट्रॉम्बोनशेजारी कियोना उभी आहे आणि तिच्या गळ्यात मी. आत्ताचे अध्यक्ष अल्सिड फॉन्टेनो पंखा हलवत आले.

"कमरेला काय बांधलंयस, पोरी? जेवणाचा डबा?"

"बॅटरीवरचा स्पीकर आहे, अल्सिडकाका."

"आठ जण फुंकायला लागले की तुझी कुरकुर कोण ऐकणार?"

"फुंकणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो. तेवढ्या वेळात मी वाजवेन."

ढोलवाला फिसकन हसला. त्यानं झांज वाजवायचा हातातला स्क्रू-ड्रायव्हर ढोलावर बसवलेल्या झांजेवर टणकन मारला. अल्सिड त्याच्यावर डोळे वटारून म्हणाले, "नियम म्हणजे नियम. रस्त्यावर फक्त पितळ. ओझेल, समजाव तुझ्या नातीला."

कडेला खुर्चीवर बसलेल्या ओझेलनं हात पुढे केला. "आण ती इकडे. आपली जागा ओट्यावर."

"तुम्हालाही असंच परत पाठवलं होतं ना? आजीनं सांगितलंय मला."

ओझेलचा हात तसाच अधांतरी राहिला. कियोनानं खिशातून नेलपॉलिश काढायची बाटली काढली, रुमालावर ओतली आणि माझ्या कडेवरचा चंदेरी रंग खसाखसा पुसला. साठ वर्षांची पुटं निघाली. तिनं मला उन्हात ट्रॉम्बोनला टेकवलं. दोघांचा पिवळा रंग एकच.

"हा गंज नाही, आजोबा. कारखान्यानं ही पितळेचीच घडवलीय, वर नुसतं निकेल आहे. तुमच्या हातानं ते झिजलं आणि तुम्हीच ते झाकत बसलात. काका, तुमचा नियम मला मान्य आहे. पितळ रस्त्यावर. म्हणून मी रांगेतून हटणार नाही. आणि हीही ओट्यावर परत जाणार नाही."

अल्सिडकाकांचा पंखा थांबला. ओझेल उठला, जवळ आला, आणि त्या पिवळ्या डागावर त्यानं अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

ढोलवाल्या भावा, आता तूच ठेका धर. चौथ्या ठोक्याला मी तयार आहे.