खिडकीवाली केबिन

नवऱ्याने तिसरं कोटेशन मागवलं त्या दिवशी जहाजाचं भाडं पुन्हा चढलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती हॉस्पिटलच्या तळघरात एक्स-रे काढायची. खोलीच्या भिंतींत शिसं, दारात शिसं, अंगावरच्या एप्रनमध्ये शिसं. एक काच होती, तीही शिशाची. तिच्यातून दिसायची फक्त पलीकडची बंद खोली आणि टेबलावर आडवा पडलेला माणूस. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा," म्हणत बटण दाबायचं आणि पडद्यावर उमटलेली हाडं बघायची. बाहेर ऊन आहे की आभाळ भरून आलंय, हे तिला पेशंटच्या कपड्यांवरून कळायचं. लग्नाआधी लागलेली नोकरी. आता लेक उंचीने तिच्या कानाला लागली होती, आणि खोली तीच होती.

म्हणून घरात पहिल्यावहिल्या क्रूझची गोष्ट निघाली तेव्हा तिने एकच मागणं मागितलं. "मला खिडकीवाली केबिन पाहिजे. डोळे उघडले की समोर पाणी दिसलं पाहिजे. बाकी काय खायचं, कुठे उतरायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

"एवढंच ना?" नवरा म्हणाला होता. "झालं समज."

सासरे, म्हणजे अप्पा, पेपरातून डोकं वर काढून म्हणाले होते, "सूनबाई, हा 'झालं समज' म्हणतो ना, तेव्हा लेखी घ्यावं."

अप्पांना मुलगा माहीत होता. तो पंप बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागात होता. नट-बोल्टपासून पॅकिंगच्या खोक्यांपर्यंत सगळं तो घ्यायचा, आणि घेण्याचे त्याचे नियम ठरलेले होते. तीन कोटेशनं मागवायची. पहिला भाव कधीही घ्यायचा नाही. आणि शक्यतो महिनाअखेर गाठायची, कारण विकणाऱ्याला महिन्याचा आकडा गाठायचा असतो आणि शेवटच्या दिवशी तो वाकतोच. कारखान्यात या नियमांनी त्याला दोनदा बढती मिळाली होती. घरातला फ्रिज असाच आला होता, गाद्या अशाच आल्या होत्या. त्यांचं लग्नसुद्धा भर दुपारी, डोकं तापवणाऱ्या उन्हात लागलं, कारण त्या वेळेला हॉल निम्म्या भाड्यात मिळत होता. पाहुणे अजून बोलून दाखवतात.

ट्रॅव्हल एजंटकडे तो पहिल्यांदा गेला तेव्हा खिडकीवाली केबिन त्यांच्या ऐपतीत होती. थोडे पैसे भरून ती अडकवून ठेवता येत होती. तो हसून "बघतो, कळवतो" म्हणाला आणि चहा पिऊन परत आला.

दुसऱ्या वेळी भाडं वाढलं होतं. तिसऱ्या वेळी आणखी.

"सुट्टीचा मोसम आहे म्हणे," तो जेवणाच्या टेबलावर कागद पसरत म्हणाला. "शाळा बंद झाल्या की सगळे एकदम निघतात. भाव ताणतात हे लोक."

"शाळा बंद झाली की समुद्राचं पाणी महाग होतं का?" तिने विचारलं. "तेच जहाज, तोच पलंग, तीच चादर. दीडपट?"

"म्हणून तर थांबलोय. ताणतात तेच वाकतात. महिनाअखेर येऊ दे."

"आणि तोवर केबिन गेली तर?"

"अगं, अशा भीतीवरच त्यांचा धंदा चालतो."

मग हिशेब सुरू झाला. घरात वर्षभर बाजूला पडलेली रक्कम एवढी. त्यातला निम्म्याहून जास्त भाग तिच्या रविवारच्या ड्यूट्यांचा होता, पण ते कुणी बोललं नाही, तीही बोलली नाही. भाड्याच्या खाली हळूहळू शेपूट वाढत गेलं. बंदरांचा कर. जहाजावरच्या नोकरांची टीप, तीही माणशी आणि दिवसाला, देण्याआधीच बिलात लावलेली. अप्पांच्या वयामुळे त्यांचा विमा वेगळा. लेकीचं इंटरनेट.

"समुद्रावर इंटरनेट कशाला?" तिने विचारलं.

"आई, मी सहा दिवस मेल्यासारखी राहू का?"

"बरं, ते गरजेचं आहे," नवरा म्हणाला आणि आकडा लिहिला. मग पेयांचं पॅकेज आलं. "सुटं घेतलं तर लुटतात. पॅकेज घेणं हीच बचत." तेही गरजेचं. एका बेटावर उतरून गाडीतून फिरायची सहल आली. "तिथपर्यंत जायचं आणि जमिनीवर पाय ठेवायचा नाही?" अप्पांनी विचारलं. तीही गरजेची.

शेवटी बेरीज रकमेच्या बाहेर गेली. नवऱ्याने पेन उलटं धरून कागदावर ठक ठक केलं. सगळा कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि पेन एका ओळीवर येऊन थांबलं.

"खिडकी," तो म्हणाला. "तसं बघितलं तर केबिनमध्ये आपण फक्त झोपणार. डेकवर गेलं की चारी बाजूंनी समुद्रच समुद्र. फुकट."

तिने टेबलावरची भांडी उचलली आणि नळाखाली इतक्या जोरात ठेवली की अप्पांनी पेपर खाली घेतला.

"तुझ्या बायकोने वर्षभर रविवार घातले, साहेब," ते म्हणाले. "आणि तू कापलंस काय, तर तिचंच."

"अप्पा, मी काहीच कापलेलं नाही. महिनाअखेर येऊ द्या म्हणतोय."

महिनाअखेर आली. संध्याकाळी तो घरी आला तो उड्या मारतच. बूटही काढले नाहीत.

"वाकले!" तो म्हणाला. "सांगितलं नव्हतं? आणि खिडकीसुद्धा मिळाली!"

तिच्या हातात लेकीचा शाळेचा शर्ट होता, इस्त्री करून झालेला. तो तिने खुर्चीच्या पाठीवर टाकला. "खरंच?"

"म्हणजे केबिन आतलीच आहे. पण ऐक तरी. भिंतीवर वरपासून खालपर्यंत पडदा बसवलाय, अगदी खिडकीसारखा. जहाजाच्या बाहेर कॅमेरा. समुद्र जसा असेल तसा थेट दिसतो. लाटांचा आवाजसुद्धा येतो, आणि तो कमी-जास्त करता येतो! खऱ्या खिडकीत ते जमत नाही."

"रिमोट कुणाकडे राहणार?" अप्पांनी विचारलं.

"रात्री बंद करता येतो ना?" लेक म्हणाली. "मला उजेडात झोप येत नाही."

ती नवऱ्याकडे पाहत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. त्याने फसवलं असतं तर ती भांडून मोकळी झाली असती. पण त्याला मनापासून वाटत होतं की त्याने तिच्यासाठी काहीतरी जिंकून आणलंय.

"मी दिवसभर काय करते?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"नोकरी. काय काम आहे माझं?"

"एक्स-रे..."

"अंधाऱ्या खोलीत उभी राहते आणि पडद्यावर बघते. भिंतीपलीकडची गोष्ट मला पडद्यावर दिसते. त्याचा मला पगार मिळतो. आणि तो पगार भरून तुम्ही मला बंद खोलीत पडद्यासमोर निजवणार? आणि वर सांगणार की आवाज कमी करता येतो?"

"अगं, पण भावात बघ किती फरक..."

"पहिल्या दिवशी बसत होती ना ती केबिन आपल्या पैशात? बसत होती की नाही?"

"तेव्हा बसत होती, पण पहिला भाव..."

"पहिला भाव घ्यायचा नाही! मी काय पंपाचा पट्टा आहे? दोन महिने गप्प बसले. इंटरनेट गरजेचं, शीतपेयं गरजेची, आणि मी जी एक गोष्ट मागितली ती हौस! या घरात प्रत्येकाची हौस ही गरज असते, आणि माझी गरज तेवढी हौस."

लेक हळूच खोलीत निघून गेली. अप्पांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि तो स्वच्छ झाल्यावरही पुसतच राहिले.

"मी फक्त बोलून ठेवलंय," नवरा पडेल आवाजात म्हणाला. "पैसे उद्या संध्याकाळपर्यंत भरायचेत. तू शांत हो, मग बोलू."

"मी शांतच आहे," ती म्हणाली. ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही. एप्रन खुंटीला अडकवला, सोबतच्या टेक्निशियनला "आलेच" म्हणाली आणि तरातरा एजंटच्या ऑफिसात गेली. काउंटरमागे एक बाई बसली होती. टेबलावर प्लास्टिकचं पांढरं जहाज, त्याच्या डेकवर धूळ. तिने नवऱ्याचं नाव सांगितलं तशी बाईंनी मान हलवली.

"हो, हो, सर येतात. पडद्यावाली केबिन. छान आहे ती."

"ती नको. खिडकीवाली दाखवा."

"मॅडम, सरांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सुट्टीत केबिनी भरत जातात तसं भाडं वर जातं, खाली कधी येत नाही. सर हसले. म्हणाले, असं सगळेच म्हणतात."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कालचा राग जिथे थोडा निवला होता तिथून तो पुन्हा उसळला. पण या रागाची धनीण ही बाई नव्हती, एवढं भान तिला होतं. "आता काय आहे ते सांगा," ती म्हणाली.

"सहा रात्रींच्या जहाजावर खिडकी हवी असेल तर हे पडेल." बाईंनी स्क्रीन वळवला. आकडा बघून तिला हसू यायचं बाकी राहिलं.

"तुम्हाला लाज नाही वाटत?" तिच्या तोंडून निघून गेलं. "तुम्हाला म्हणजे, कंपनीला. लोकांना मुलं आहेत, मुलांना शाळा आहे, म्हणून आम्ही यांच्या तावडीत. ज्यांना कधीही जाता येतं त्यांना स्वस्त, आणि ज्यांना एकदाच जाता येतं त्यांची मान कापा."

"माझा मुलगा सातवीत आहे," बाई म्हणाल्या. "मी रोज तिकिटं काढते. अजून एकदाही चढलेली नाही." त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही.

बाईंनी आणखी थोडं शोधलं. "चार रात्रींची एक फेरी आहे, त्याच सुट्टीत. चार माणसांच्या दोन खिडकीवाल्या केबिनी शिल्लक दिसतायत. यातली ही पुष्कळ स्वस्त आहे."

"का?"

"खिडकी आहे, पण..."

"खिडकीसमोर काय आहे?"

बाईंनी नकाशा मोठा केला. "जीव वाचवायची होडी टांगलेली आहे. पाऊण खिडकी झाकते. पण वरून जरा आभाळ दिसतं."

"आणि दुसरी?"

"दुसरीपुढे काहीच नाही. फक्त पाणी. पण ही चार रात्रींची, आणि भाडं जवळजवळ सहा रात्रींच्या आतल्या केबिनीएवढं. सर म्हणतील..."

"सर काय म्हणतील ते मला पाठ आहे." तिने पर्समधून कार्ड काढलं. "पेयांचं पॅकेज काढा. इंटरनेट काढा. ती बेटावरची सहल काढा. बंदराचा कर आणि टीप काढता येत नाही ना? मग राहू दे. आता बसतं का?"

बाईंनी बेरीज केली. "जेमतेम."

"भरा."

हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना तिने नवऱ्याला फोन केला आणि दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडे कारखान्याची मशीन घरघरत होती. तो म्हणाला, "दिवसाला किती पडलं, काढून बघितलंस का?" तिने फोन बंद केला आणि पुढचा पेशंट आत घेतला. त्याच्या मनगटाचं हाड मोडलं होतं आणि बिचारा घाबरला होता, म्हणून त्याच्याशी ती गोड बोलली.

संध्याकाळी घरात आधी इंटरनेटचं सुतक झालं. लेक म्हणाली की मैत्रिणींना तोंड दाखवायला जागा राहिली नाही. अप्पा म्हणाले की बेट काय पळून जात नाही, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. नवरा जेवताना दोनदा काही बोलायला गेला आणि दोन्ही वेळा पाणी प्याला. मग त्याने फोनवर केबिनीचा नकाशा उघडला आणि सगळे त्याच्या डोक्यावर वाकले.

"दोन पलंग खाली, दोन वर घडीचे," तो म्हणाला. "आणि खिडकी इथे. म्हणजे हा एक पलंग बरोबर खिडकीखाली."

"तो मला!" लेक म्हणाली.

"मला वर चढता यायचं नाही," अप्पा म्हणाले. "म्हणजे खालचे दोन. त्यातला..." आणि त्यांचं बोट नकाशावर खिडकीकडे सरकलं.

"थांबा, थांबा." नवऱ्याला दिवसभरात पहिल्यांदा हुरूप आला. "भांडण कशाला? रात्री चार, माणसं चार. एकेक रात्र एकेकाची. अप्पांना खालचा पलंग दुसऱ्या बाजूला मिळतोच. कुणावर अन्याय नाही."

तोडगा चोख होता. त्यात खोट काढायला जागा नव्हती, हे तिलाही दिसलं. तिघेही तिच्याकडे बघायला लागले, ती आता 'बरं' म्हणेल म्हणून.

"नाही," ती म्हणाली. "चारही रात्री तिथे मी झोपणार."

"अगं, पण एक रात्र तरी..."

"एकही नाही."

"आई, हे बरोबर नाहीये," लेक म्हणाली.

"नाहीये," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या हातातला फोन घेऊन नकाशा बंद केला.